चुंबळ नसलेला हंडा

भाचा हिंजवडीला नोकरी करतो. यंदा दिवाळीत आला तो बगलेत एक खोकं घेऊन. कॉम्प्युटरला वायर न जोडता चालणारा, चिप, बॅटरी, पंखा, दोन पडदे असा सगळा संसार तोंडावर बांधायचा व्हीआर हेडसेट. फराळाच्या ताटावर बसल्याबसल्या त्याने निकाल जाहीर केला, "मामा, डिस्प्लेचा प्रश्न आता सुटला. उरलंय ते फक्त वजन. आणि तोवर सवय होते रे."

तीन वाक्यं, तिन्ही चूक. तेव्हाच बोललो असतो, पण तोंडात अनारसा होता.

दोष एकट्या भाच्याला देत नाही. या यंत्रांची परीक्षणं वाचा, यूट्यूबवरचे उत्साही ऐका, सगळ्यांची मांडणी एकच. एका रकान्यात पिक्सेल, दुसऱ्यात ग्रॅम. पहिला आकडा चढला, दुसरा उतरला की प्रगती झाली. 'दिसणं' हा एक विषय आणि 'सोसणं' हा दुसरा, असं धरूनच चालायचं. मी पस्तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं. आमच्या धंद्यात ही विभागणी कुणी केली तर त्याला काउंटरवर उभं करत नाहीत. नंबर अगदी बरोबर काढलेला, काच उत्तम, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं, "डोकं धरतंय." बघावं तर एक काडी सैल, चष्मा नाकावर अर्धा सेंटीमीटर घसरलेला. मायनस आठचा माणूस, काच एवढी पुढे गेली की त्याचा नंबरच कमी पडतो. काडी वाकवून दिली की तोच चष्मा, तीच काच, स्वच्छ दिसतं. आता यात दिसण्याचा दोष कुठला आणि बसण्याचा कुठला, सांगा.

आधी वजनाचं बघू, कारण त्याची समजूत सगळ्यात पक्की आहे.

क्वेस्ट ३, म्हणजे २०२३ चा मेटाचा हेडसेट, ५१५ ग्रॅमचा. अर्ध्या लिटरच्या भरलेल्या पाण्याच्या बाटलीएवढा. बाटली छातीशी धरा, तासभर काही वाटणार नाही. हात सरळ पुढे करून धरा, पाच मिनिटांत खांदा भरून येईल. बाटली तीच, हात लांब झाला. डोकं मानेवर टेकतं ते साधारण कानांच्या रेषेत, आणि हेडसेटचं वजन डोळ्यांच्याही पुढे लोंबतं. मानेमागचे स्नायू ते सतत मागे ओढून धरतात आणि पट्टा उरलेला भार कपाळावर आणि गालाच्या हाडांवर दाबतो. खोक्यात मिळणारा कापडी पट्टा घट्ट केला तर गाल दुखतात, सैल केला तर यंत्र घसरतं. म्हणून मी म्हणतो, ग्रॅम मोजू नका, हात मोजा.

आमच्याकडे बायका डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन मैल मैल जायच्या, कित्येक गावांत अजून जातात. दहा-बारा किलोचं ओझं. त्यांची मान दुखत नाही असं म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण तो भार डोक्याच्या बरोबर वर, मणक्याच्या रेषेत असतो, आणि मध्ये चुंबळ असते. जुन्या लुगड्याची गोल गुंडाळी, फुकट झालेली, कुणी पेटंट न घेतलेली. ती भार पसरवते आणि हंडा जागेवर ठेवते. हेडसेट बनवणाऱ्यांनी हंडा घडवला, त्याला नक्षी केली, आणि चुंबळ विसरले. ती चुंबळ आता बाहेरच्या कंपन्या वेगळी विकतात, कपाळावर टेकणारी गादी आणि मागे बॅटरी असलेले पट्टे, आणि लोक मुकाट्याने घेतात. पाचशे डॉलरला आलेल्या वस्तूला बसण्यालायक करायला वरून पैसे मोजायचे, आणि परीक्षणात त्याला 'ॲक्सेसरी' म्हणायचं!

वजन कमी होणं हाच उपाय असता तर ॲपलने काय केलं असतं? त्यांचा पहिला व्हिजन प्रो फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, ६०० ते ६५० ग्रॅमचा, आणि बॅटरी वेगळी, खिशात ठेवायची. तरी तक्रार आलीच, की पुढचा भार गालांवर येतो. ऑक्टोबर २०२५ ला नवी आवृत्ती आली ती ७५० ते ८०० ग्रॅमची. वजन वाढलं! नव्या पट्ट्याच्या मागच्या भागात त्यांनी टंगस्टनचे तुकडे विणून घातले. टंगस्टन म्हणजे शिशापेक्षा जड धातू. काटकसरीने ग्रॅम ग्रॅम वाचवणाऱ्या कंपनीने डोक्याच्या मागे मुद्दाम ओझं बांधलं, पुढचं तोलायला. भाच्याच्या दुसऱ्या वाक्याला याहून चांगलं उत्तर मी देऊ शकत नाही. बरं, ही काही नवी विद्या नाही. २०२१ च्या व्हाइव्ह फोकस ३ ची बॅटरी मागे होती, २०२२ च्या पिको ४ ची मागे, त्याच वर्षीच्या क्वेस्ट प्रोची मागे. क्वेस्ट प्रो तर ७२२ ग्रॅमचा. उपाय ठाऊक होता. मेटाने स्वस्त मालात तो घालायचा नाही, एवढंच ठरवलेलं.

(१९६८ साली आयव्हन सदरलँडने डोक्यावरचा पहिला असा पडदा केला तेव्हा तो इतका जड होता की छताला टांगावा लागला. त्याला 'डॅमोक्लीसची तलवार' म्हणत. निदान भार मानेवर द्यायचा नाही एवढं त्या माणसाला कळत होतं.)

आता 'डिस्प्ले सुटला' हे.

काय सुधारलं ते आधी कबूल करतो. २०१९ च्या पहिल्या क्वेस्टमध्ये जाळीतून बघितल्यासारखं वाटायचं, एका डोळ्याला १४४० बाय १६०० पिक्सेल, सेकंदाला ७२ चित्रं. क्वेस्ट ३ मध्ये एका डोळ्याला २०६४ बाय २२०८. त्याहून मोठा फरक काचेचा. आधीच्या यंत्रांत फ्रेनेल काच असायची, वर्तुळाकार खाचांची, दीपस्तंभात असते त्याच जातीची. मधोमध बघितलं तर ठीक, नजर जरा बाजूला गेली की धूसर, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की त्यांना प्रकाशाच्या झिपऱ्या फुटायच्या. आता पॅनकेक काचा आल्या. त्यात प्रकाश आतल्या आत मागेपुढे परावर्तित होतो, त्यामुळे काच पातळ होते आणि कडेपर्यंत स्वच्छ दिसतं. मी धंदेवाईक आहे, चांगली काच बघितली की मला आनंद होतो. झाला.

पण 'सुटला' म्हणजे कशाच्या मानाने? माझ्या दुकानात एकच मोजपट्टी होती, भिंतीवरचा तक्ता. ६/६ म्हणजे एका अंशात साठ ठिपके वेगळे ओळखू शकणारा डोळा. क्वेस्ट ३ चे ठिपके, मेटाच्याच सांगण्याप्रमाणे, अंशाला २५. भागाकार करून बघा. तुमची नजर ६/६ असली तरी हेडसेट चढवला की तुम्ही ६/१५ च्या आसपास येता. दुकानात कुणी ६/१५ वाचलं असतं तर मी त्याला चष्मा दिल्याशिवाय सोडलं नसतं. व्हिजन प्रोत दोन डोळ्यांचे मिळून २ कोटी ३० लाख पिक्सेल, तरी यंत्रं उघडून तपासणाऱ्या आयफिक्सिटच्या मोजणीत अंशाला ३४ च्या घरात. म्हणजे साडेतीन हजार डॉलर देऊन साधारण ६/११. तुमच्या टेबलावरचा साधा २७ इंची फुल एचडी मॉनिटर दोन फुटांवरून बघितला तर अंशाला पस्तीसच्या आसपास पडतात, आणि त्याला कुणी सुटलेला प्रश्न म्हणत नाही, स्वस्तातला म्हणतात.

भाच्याने हे मानलं नाही. म्हणाला, हलत्या चित्रात कळत नाही. म्हणून मी त्याला त्या यंत्रातच एका मराठी दैनिकाची पीडीएफ उघडायला लावली. इंग्रजी अक्षराचा बहुतेक सांगाडा मोठा असतो, i चा ठिपका गेला तरी शब्द कळतो. आपल्या लिपीत निम्मा अर्थ शिरोरेषेच्या वर लटकलेला. अनुस्वार, रफार, वेलांटीचा कान, मात्रा एक की दोन. आतल्या पानावरच्या बातमीत 'संत' होते ते 'सत' झाले, 'रंग' चा 'रग' झाला, 'मैल' आणि 'मेल' यांतला फरक संपला. भाचा मान पुढे करून वाचायला लागला, मग पान जवळ ओढायला लागला. तीन मिनिटांत तो ज्या अवघड कोनात बसला होता, त्या कोनात पुढे लोंबणारं अर्धा किलो आणखी पुढे गेलेलं. अक्षर नीट दिसेना म्हणून मान वाकली, मान वाकली म्हणून यंत्र जड झालं. तो मात्र म्हणतो, दिसायला काही अडचण नाही, फक्त वजन आहे.

आणि खोक्यावरचे पिक्सेल म्हणजे तुम्हाला मिळणारे पिक्सेल नव्हेत, हे कुणी गिऱ्हाइकाला सांगत नाही. वायरशिवाय चालणाऱ्या यंत्रात मोबाइलच्या जातीची चिप असते. तिला दोन्ही डोळ्यांसाठी वेगळं चित्र, सेकंदाला ७२ ते १२० वेळा काढायचं असतं, दोन तास पुरेल अशा बॅटरीवर, आणि तेही कपाळ न भाजता. म्हणून क्वेस्ट ३ मध्ये ॲपने वेगळं काही सांगितलं नाही तर चित्र १६८० बाय १७६० चं काढलं जातं आणि ताणून पडद्यावर बसवलं जातं. म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांच्या दोन तृतीयांशाहून थोडं कमी. शिवाय कडेचा भाग मुद्दाम ढोबळ रंगवतात, चिपला श्वास मिळावा म्हणून. भाच्यासारखे लोक विचारतात की मग चिप मोठी का घालत नाहीत. घाला की. जास्त वीज, मोठी बॅटरी, मोठा पंखा, आणि ते सगळं तोंडावर. पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल शेवटी मान उचलते.

ओएलईडी पडदे लावा म्हणणाऱ्यांचंही तेच. काळा रंग खरा काळा येतो, मान्य. पण पॅनकेक काचेत प्रकाशाची अर्धपारदर्शक आरशाशी दोनदा गाठ पडते, प्रत्येक वेळी निम्मा गळतो. म्हणजे सगळं आदर्श धरलं तरी पाव प्रकाश उरतो, आणि पडद्यातून निघालेला प्रकाश आधीच एका दिशेने ध्रुवित नसेल, ओएलईडीचा सहसा नसतो, तर तोही निम्मा. रुपयातले दोन आणे. मग त्या पडद्याला तेवढं पेटवावं लागतं, आणि ते महाग पडतं. म्हणून स्वस्त यंत्रांत एलसीडी आणि करडा काळोख राहिला.

पण माझा खरा राग बाहुल्यांवरून आहे.

दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर, धंद्यात आम्ही पीडी म्हणतो, मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटर, पण ५५ पासून ७० च्या पलीकडे कुठेही असू शकतं. नाकावर पट्टी धरून मी ते हजारो माणसांचं मोजलं आहे. एक मिलिमीटर चुकला तर कारागिराला काच परत घासायला लावायचो. क्वेस्ट २ मध्ये या अंतराला तीन खाचा होत्या, ५८, ६३, ६८. रेल्वेच्या डब्यातल्या सीटसारखं, बसलात तर बसलात. क्वेस्ट ३ ला चाक आलं, काच हवी तिथे सरकवा. भाच्याचा 'सुटला' इथून आला असावा. पण पुढच्याच वर्षी, २०२४ ला, क्वेस्ट ३एस आला. तीनशे डॉलरचा, म्हणजे बहुतेक लोक जो घेतील तो. त्यात परत फ्रेनेल काच, परत एका डोळ्याला १८३२ बाय १९२० आणि परत तीन खाचा. सुटलेला प्रश्न स्वस्तात परत विकायला काढला.

या खाचांची किंमत कोण मोजतं याचा अभ्यास झालेला आहे. संशोधक के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की व्हीआरमध्ये बायकांना पुरुषांपेक्षा जास्त मळमळतं त्याचं मुख्य कारण बायकांची 'नाजूक प्रकृती' नव्हे. यंत्राच्या काचा त्यांच्या डोळ्यांच्या अंतराला येतच नव्हत्या. ज्या बायकांना यंत्र बसत होतं, त्यांचा त्रास पुरुषांसारखाच. हे वाचून मला माझी कितीतरी गिऱ्हाइकं आठवली, नवऱ्याने आणलेला तयार चष्मा लावून 'मला चष्मा सोसत नाही' म्हणणाऱ्या.

तेव्हा 'सवय होते' हे तिसरं वाक्य. कशाची होते आणि कशाची नाही, हे वेगळं करा ना. घाटात गाडी लागते. एसटीतून दर आठवड्याला आंबोली उतरणाऱ्याला पुढे लागत नाही. कान सांगतो चाललोय, डोळे सांगतात बसलोय, हा तंटा मेंदू हळूहळू मिटवतो. व्हीआरमध्ये तंटा उलटा, पण तोही बऱ्याच जणांचा मिटतो. इथवर भाचा बरोबर आहे. पण मेंदू तुमच्या बाहुल्या तीन मिलिमीटर सरकवून देत नाही. गालाचं हाड सवयीने मऊ होत नाही.

आणि जवळच्या वस्तूचं काय? हेडसेटमध्ये काचांची रचना अशी असते की चित्र कायम मीटर-दोन मीटरवर फोकस असतं. हातातली खोटी वस्तू नाकाजवळ आणली की दोन्ही डोळे आत वळतात, पण डोळ्यातलं भिंग तिथेच, मीटर-दोन मीटरवर. खऱ्या जगात या दोन हालचाली जोडीने होतात. २००८ मध्ये बर्कलीच्या मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी नेमकं हे दाखवलं होतं, ही जोडी तुटली की नजर मंदावते आणि डोळे शिणतात. गंमत म्हणजे चाळिशी लागलेल्या माझ्यासारख्याला तत्त्वतः याचा त्रास कमी व्हावा, आमचं भिंग आधीच संपावर गेलेलं. त्रास तरुणांना, आणि सवयीची ग्वाही देणारेही तेच.

जर्मनीतल्या कोबर्गच्या संशोधकांनी २०२२ मध्ये माणसांना आठवडाभर, रोज आठ तास, क्वेस्ट २ घालून कचेरीचं काम करायला लावलं. सोळा जणांनी आठवडा काढला. आणखी दोघांनी पहिल्याच दिवशी हात टेकले, मळमळ आणि अर्धशिशी. डोळ्यांवरचा ताण नेहमीच्या आठवड्यापेक्षा जवळपास निम्म्याने जास्त. शेवटी शेवटी लोक थोडे रुळले, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय, म्हणून मीही लिहितो. यंत्र जुनं होतं असं भाचा म्हणाला. होतं. पण तीन खाचांचं आणि फ्रेनेल काचेचं यंत्र जुनं, तर त्या अभ्यासानंतर दोन वर्षांनी आलेला ३एस कोण?

त्याच क्वेस्ट २ चा तोंडाला टेकणारा फोम २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे ४० लाख नगांसाठी परत मागवावा लागला, कातडी चरचरल्याच्या साडेपाच हजारांहून जास्त तक्रारींनंतर. वर चढवायला सिलिकॉनचं आवरण फुकट वाटलं. त्याच्याआड घाम किती साचेल, हे मुंबईच्या मे महिन्यात कुणी बघितलं नसावं.

चष्मेवाल्याची व्यथा तर कुणी धरतच नाही. क्वेस्ट ३ चा तोंडाचा भाग चार टप्प्यांत पुढेमागे होतो, चष्म्याला जागा मिळावी म्हणून. छान सोय. पण काच डोळ्यापासून लांब गेली की दिसण्याचा आवाका आकसतो, दाराच्या फटीतून बघितल्यासारखा. जाहिरातीतले ११० अंश चष्मा नसलेल्याचे, बाहुल्या मध्यावर असलेल्याचे, चापूनचोपून बसलेल्या यंत्राचे. खोक्यावरचा आकडा एका आदर्श डोक्याचा असतो. ते डोकं माझ्या दुकानात पस्तीस वर्षांत आलं नाही. अंबाडा बांधलेल्या बाईला तर मागचा पट्टा कुठे टेकवायचा हाच प्रश्न.

करता येत नाही असं नाही. ॲपल फोनने चेहरा मोजून तोंडाची गादी निवडून देतं, काचांचं अंतर मोटरने जुळवतं, नंबराच्या झाइसच्या काचा वेगळ्या विकतं. बिगस्क्रीन बियाँड नावाचा हेडसेट अवघा १२७ ग्रॅमचा, त्याची गादी प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मापाने करून देत. त्याला कॉम्प्युटरची वायर लागते, तेव्हा तुलना अन्याय्य आहे, मान्य. पण माप घेणं हे वायरीवर अवलंबून नाही.

हे सगळं भाच्याला सांगून झालं तेव्हा चकल्या संपल्या होत्या. त्याने ऐकून घेतलं, "मामा, तू दुकानाच्या नजरेने बघतोस," म्हणाला, आणि सोफ्यावर बसून परत हेडसेट चढवला. वीस मिनिटांनी गालावर दोन लाल चट्टे घेऊन बाहेर आला. मी काही बोललो नाही. माळ्यावरून जुन्या तराजूतलं दोनशे ग्रॅमचं पितळी माप काढलं, पायमोज्यात घातलं आणि त्याच्या पट्ट्याला मागे, मानेच्या वरच्या उंचवट्यापाशी बांधलं. वरचा पट्टा दोन बोटं सैल केला, पट्टी धरून पीडी घेतली, साडेसाठ भरली, त्याने चाक ६४ वर ठेवलेलं.

"वजन वाढवलंस?" त्याने विचारलं.

"वाढवलं."

त्या रात्री जेवायला त्याला तीनदा हाका माराव्या लागल्या. सकाळी तो निघाल्यावर बघितलं, तर माझं दोनशे ग्रॅमचं माप गायब होतं, पायमोज्यासकट.